आढळले नाही

मांजरीची माती
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यातून आली, स्कूटरवर, पायांशी;
हडपसरच्या पुलावर थोडी सांडलीही.
वाळवली, फोडली, चाळली,
पीव्हीसीच्या बारा नळ्यांत ठोकून ठोकून भरली.
वर तणनाशक, त्यावर सलाइनच्या सेटमधून
मोजून पाणी,
खाली बाटल्या.

काळी माती घाईनं काही सांगत नाही.
भिजली की फुगते, दार लावून घेते.
सुकली की भेगाळते, आणि मग
महिन्यांची वाट पाणी एका दुपारीत उतरतं.
हे पुस्तकात वाचलं होतं.
शिकवलं सातव्या नळीनं:
बाटलीत नको तितक्या लवकर
नको ते आलं.

काचसामान धुतात हौसाबाई झुरुंगे.
पूर्वी मांजरीतच खुरपायला जायच्या,
उसात, मक्यात, बारा बायांची टोळी.
मग एक जण पाठीवर पंप अडकवून आला
आणि टोळीचं आठवड्याचं काम
भाकरीच्या सुट्टीआधी उरकून गेला.
'पाठ सुटली,' म्हणतात. 'हजेरीबी सुटली.'
आता त्याच औषधाचे फ्लास्क
तीनदा नळाखाली, एकदा डिस्टिल्ड पाण्यात,
कडेवरच्या पोरासारखे उलटे-सुलटे करून.

बाकीच्या अकरा जणी?
ओल्या बोटांवर मोजायला लागल्या:
एक फुरसुंगीला सुनेकडं, दोघी सोसायट्यांत झाडायला,
एक गेली…
पाचव्या बोटाशी थांबल्या,
पुढचा फ्लास्क उचलला.

साठाव्या दिवशी रजेवरून आले तर
पांढऱ्या चिठ्ठीच्या कुंड्या,
न फवारलेल्या, तुलनेसाठी राखलेल्या,
ज्यांतलं तण मला मोजायचं होतं,
सारवल्यासारख्या स्वच्छ.
केना नाही, लव्हाळा नाही, माठाची काडी नाही.
'किती माजलं होतं, मॅडम! कुणाचं ध्यानच नाही.
खुरपं नव्हतं, तुमच्या त्या चपट्या चमच्यानं काढलं.
माठ तेवढा घरी नेला, भाजीला.'

माझा आवाज चढला: कुठल्या कुंडीतला?
'पांढऱ्या चिठ्ठीच्या.
लाल चिठ्ठीत काय उगवतंय का?'

वहीत लिहिलं: तुलना-कुंड्या बाद. तण हाताने काढले.
कुणी, ते लिहिलं नाही.

अर्धायुष्य छत्तीस दिवस.
म्हणजे रुपयाची अधेली, अधेलीची पावली,
पावलीची चवली, चवलीचा आणा,
आण्याचा ढब्बू, ढब्बूचा पैसा.
शून्याची मोड कुठल्याच दुकानात मिळत नाही.
यंत्राच्या आलेखावरचं शिखर
टेकडी होतं, उंचवटा होतं,
मग रेघेच्या साध्या थरथरीत मिसळतं,
आणि तिथं मला लिहायचं असतं: आढळले नाही.
नुसतं 'नाही' लिहायची मुभा नाही.

एकशे बेचाळिसाव्या दिवशी
हौसाबाईंनी दारातूनच हाक मारली.
लाल चिठ्ठी, कुंडी नऊ.
कडेला, मातीला टेकून,
माठाची दोन पानं, फिकट,
आजारातून उठलेल्या माणसासारखी.

कितीतरी वेळ आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
त्यांची बोटं पानापर्यंत गेली,
सवयीनं,
आणि तिथंच थबकली.
'ह्ये काढायचं,' त्यांनी विचारलं,
'का ऱ्हाऊ द्यायचं?'