कणीक

गाडी सेकंडहँड. अल्टो.
मूळ रंग कोणता ते आरसीबुकात लिहिलंय.
मी पिग्मी गोळा करतो, पालशेत ते वेळणेश्वर,
बावीस दुकानं, तीन सलून, एक गिरण,
आणि रोजचे वीस रुपये माझे स्वतःचे,
माझ्याच वहीत, माझ्याच सहीने.

स्पीकर कंपनीचेच होते. कागदी.
खाऱ्या वाऱ्याने त्यांची कड खाल्लेली.
गाणारा माणूस बिस्किटांच्या डब्यात
तोंड घालून गातोय असं वाटायचं,
आणि आवाज वाढवला की नुसता डबाच गायचा.

शृंगारतळीत निसार परकारच्या काउंटरवर
तीन हजार चारशे ठेवले. बऱ्याचशा दहाच्या नोटा.
त्याने मोजले नाहीत. म्हणाला,
अ‍ॅम्प्लिफायर नको. डिकीतला खोका तर नकोच,
तुला काय वरात काढायचीय?
मागचे दोन विसर. पुढे दोन बरे घाल.
उरतील त्यात दार भर.
दार भर म्हणजे?
अरे, स्पीकर दारात बसतो ना? मग दार हाच त्याचा खोका.
हे तू घरी कर, मजुरी वाचेल.

कव्हर कसं उचकटायचं ते दाखवलं त्याने.
आत ओंजळभर वाळू,
टिकल्यांचं एक पाकीट, सुगंधाचं नव्हे,
आणि लाल-काळी वायर उलटी जोडलेली.
म्हणजे सहा वर्षं
एकाच गाण्यात एक स्पीकर पुढे ढकलत होता
आणि दुसरा मागे ओढत होता,
सामाईक बांधावरच्या चुलत्यांसारखे.
ती सुलटी करायचे निसारने काही घेतले नाहीत.

दारासाठी असतं ते खास मॅट मला परवडेना.
पत्र्याच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी आणली.
रविवारी दुपारी दार उन्हात तापू दिलं,
पट्टी चिकटवली
आणि बुडबुडे निघावेत म्हणून वर लाटणं फिरवलं.
लाटणं आता गाडीचंच झालं.
नवीन लाटणं एकशे दहा.
हे काही हिशेबात धरलेलं नव्हतं.

बापूस पडवीतून बघत होता.
चाळीस वर्षं त्याने नमनात मृदंग वाजवला,
आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो.
मी गाणं लावलं. खर्ज आला,
पहिल्यांदाच, कानाआधी मांडीला कळला.
मी त्याच्याकडे बघितलं.
त्याचं गाण्याकडे लक्षच नव्हतं.
तो दार उघडत होता, लावत होता,
पुन्हा उघडत होता.
काल खणकन लागायचं ते आज धप्प लागत होतं.

"म्हंजे कनीक लावलास की रं."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला
भिजवलेल्या कणकेचा गोळा लावायचा तो,
अंगठ्याने दाबत, वाजवत, पुन्हा दाबत,
कातडं उथळ बोलायचं थांबेपर्यंत.
खेळ्यांच्या रात्री आई परात लपवायची.

मग फणस वाजवून बघतात
तसा तो बोटाच्या पेराने दार वाजवत गेला,
वरून खाली, कान जवळ नेऊन.
बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यावर थांबला.
"हितं कमी पडलीय."

पट्टी तिथेच संपली होती.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गाणं कसं वाटतंय, विचारलं.
म्हणाला, आधी तेवढं लाव.

सोमवारी सलूनवाला संदेश निंबरे, तोंडात कंगवा,
आतूनच ओरडला, गाडी बदललीस काय?
मी दार पुन्हा एकदा लावून दाखवलं.
उजवं.
डावं अजून तसंच आहे, खणकन.
बापूस रोज संध्याकाळी वही मागतो,
माझ्या नावाच्या पानावर नख ठेवतो,
आणि वीस-वीस करत कुठवर आलं
ते मोठ्याने वाचायला लावतो.