माया

शिवणीच्या आत जे कापड जास्तीचं सोडतात
त्याला आमच्यात माया म्हणतात.
अंग भरलं की उसवायचं, तेवढं वाढवून घ्यायचं.
धनकवडीतल्या या पत्र्याच्या दुकानात
एकवीस वर्षं मी बायकांच्या काखेत माया ठेवत आले.

माप घेताना आकडा मोठ्यानं बोलत नाही मी.
वहीत लिहिते, वही झाकते.
सबनीस बाईंची छाती किती, त्यांच्या सुनेला ठाऊक नाही.
माझं पान त्या वहीत नाही.
माझे ब्लाउज मी जुन्यावरून बेतले,
दर वेळी थोडे सैल, न बघता.

म्हणूनच असेल,
सहा वर्षांपूर्वी पॉलिसीवाला घुले
स्टुलाच्या कडेवर बसून फॉर्म भरत होता,
"वजन?" म्हणाला, तर मी मशीनचं चाक फिरवत राहिले.
"बहात्तर टाकू का, ताई?" हसला.
मीही हसले.
एवढंच.

आता ते हसणं छापून आलंय, शिक्क्यासकट:
माहिती दडवल्याच्या कारणास्तव
आपला दावा अमान्य करण्यात येत आहे.

ढोले पाटील रोडवरच्या त्यांच्या हपिसात
हाताच्या खुर्च्या होत्या. मी उभीच राहिले.
मुलगा चांगला होता, पाणी दिलं.
"मॅडम, सिस्टीमला बहात्तर दिसतंय," म्हणाला,
आणि एकदा माझ्याकडे बघून
पुन्हा स्क्रीनकडेच वळला.
तिथं जी मालन कदम होती
तिला ऑपरेशनची गरज नव्हती.
तिचे गुडघे दुखत नव्हते, तिची साखर ताब्यात होती,
हप्ते मात्र तिचेही मीच भरले होते.

डॉक्टर बोराडेंनी कागदावर पोट काढून दाखवलं.
एवढं कापायचं. उरलेलं केळ्याएवढं.
"आणि माया?" तोंडातून गेलं माझ्या.
त्यांना कळलं नाही.
तीन लाख ऐंशी हजार, खोलीचे वेगळे.

नणंद म्हणाली, खाणं कमी कर, फुकटात होईल.
हे काही बोलले नाहीत, डेपोतून पीएफचा फॉर्म घेऊन आले.
रात्री अंधारात म्हणाले,
"झोपेत तुझा श्वास अडकतो ना,
तेव्हा मी आकडे मोजत बसतो.
परवा एकवीसपर्यंत गेलो."

इंटरलॉकचं मशीन बिबवेवाडीच्या पोराला दिलं.
तो भाव करत होता, मी त्याला तेल कुठं सोडायचं ते सांगत होते.
भिशी या महिन्यात नाझनीनची. तिनं नंबर बदलून दिला,
वर बजावलं, "पैसे मोजू नकोस, मी मोजलेत."
बाकीचं कर्ज, छत्तीस हप्ते,
ओजसचं कॉलेज संपेल तेव्हा माझं पोट फिटेल.

तरी चाळीस कमी पडत होते.
सबनीस बाई आल्या, अकरा ब्लाउजांची शिलाई आगाऊ ठेवली.
"कापड?"
"आणते गं दिवाळीपर्यंत."
"माप तेच?"
"तेच," म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही
वहीकडे बघितलं नाही.

आदल्या रात्री शटर ओढून
टेप स्वतःभोवती फिरवला पहिल्यांदा.
एका हातानं मागचं टोक सापडेना.
ओजस शटरखालून वाकून आत आला, टोक धरलं,
मान दुसरीकडे करून उभा राहिला,
जसं मीच त्याला शिकवलं असावं.

सकाळी काउंटरवर मुलीनं फॉर्म ओढला.
"नाव? वय? वजन?"
"एकशे अठरा."
मागच्या बाकावरचा म्हातारा पेपरमधून वर बघायला लागला.
तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
"किती?"
"एकशे अठरा किलो. लिहा."
तिनं लिहिलं. पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं.
"पेमेंट कसं करणार?"

मी पिशवीची गाठ सोडू लागले.
सुटेना. नाझनीननं घातलेली.
आतल्या नोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता.