नमुना सही

चरईच्या शाखेत, जिन्याखाली, माझं टेबल.
बत्तीस वर्षं.
लोखंडी ट्रेमध्ये कार्डं, कार्डावर तीन-तीन सह्या,
आणि माझं काम एवढंच:
चेकवरची सही कार्डावरच्या सहीसारखी आहे का.
माणूस सहीसारखा आहे का, ते बघायला
दुसरं खातं असेल, वरच्या मजल्यावर.

टिपणीससाहेबांचं कार्ड मीच भरून घेतलं होतं.
तेव्हा साहेब नव्हते. राम मारुती रोडच्या मागे भाड्याची खोली,
डब्यात वालाचं बिरडं,
आणि सही केवढी!
नाव, वडिलांचं नाव, आडनाव,
वरची रेघ अशी ताणलेली
की तिच्यावर धुणं वाळत घालावं.

मॅनेजर झाले तेव्हा वडील गळले.
जनरल मॅनेजर झाले तेव्हा स्वतःचं नाव.
शेवटी नुसती रेघच उरली,
टोकाला जरा उचललेली.
मी तीनदा कार्ड बदलून घेतलं, नियमाप्रमाणे.

त्या शुक्रवारी ते खाली आले. स्वतः.
घरखात्याचा चेक, चार हजारांचा.
"सुहासिनीबाई, पेन द्या जरा."
आणि सही केली ती अख्खी.
नाव, वडिलांचं नाव, धुण्याची दोरी.
मी म्हटलं, साहेब, ही पहिल्या कार्डावरची.
ते नुसतं हसले.
नियमाने मी चेक परत करायला हवा होता,
'सही जुळत नाही' असा शेरा मारून.
बत्तीस वर्षांत न जुळलेली एकच सही मी सोडली,
आणि तीच बहुतेक त्यांची होती.
पेन खिशाला लावून ते गेले.

सोमवारी शटर अर्धं. मंगळवारी पूर्ण.
चौकशीवाल्यांनी टेबलं जोडून व्हाउचरं पसरली:
भिवंडीचं गोदाम, जे कुणीच पाहिलं नव्हतं,
घोडबंदरचे सात मजले,
जिथं अजून करवंदीची जाळी होती.
प्रत्येकावर ती रेघ, रेघेखाली माझं बारकं 'सु.'
"बाई, हे तुम्ही तपासलंत?"
तपासलं.
सही खरी होती. खोटं होतं ते सहीच्या वरचं सगळं.
जबाबाच्या शेवटी मी म्हटलं, एक पेनही गेलंय, लिहून घ्या.
त्याने मान वर केली. लिहिलं नाही.

बाहेर चांगुणा नाखवा उभी होती, चेंदणी कोळीवाड्याची,
मुदत ठेवीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत.
कोलंबी सोलून सोलून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसलेल्या,
शाईत बुडवला तरी उठायचा नुसता काळा डाग.
दर वेळी मी दोन-दोनदा घ्यायला लावायचे:
नीट दाब गं, मावशी, असं कसं चालेल.
साहेबांना असं कधी म्हणाले नाही.
तिने मला काहीच विचारलं नाही.
पिशवीची घडी घातली, परत उघडली,
परत घातली.

भाचा म्हणतो, ते एका बेटावर आहेत.
नकाशात दाखवलं त्याने. तीळ सांडावा एवढं.
आपल्याकडे सकाळचे सात वाजले
की तिथं आदल्या रात्रीचे साडेनऊ.
म्हणजे बघा,
त्यांना कालचा दिवस अजून शिल्लक आहे.

मी सकाळी तलावपाळीला एक फेरी मारते.
ओळखीचे लोक पलीकडच्या कठड्याने जातात.
घरी आल्यावर काल दुधाच्या बिलामागे
ती रेघ ओढून पाहिली, डोळे मिटून.
पेन्सिलीने. पेन अजून घेतलेलं नाही.

टोक सुद्धा बरोबर उचललं गेलं.
जुळली.
आणि हात सवयीने खाली सरकला, 'सु.' लिहायला.