डावीकडचं वर्तुळ

करमाळ्यात कुणालाच सांगता येत नाही मी काय शिकते.
मानव विकास आणि कौटुंबिक विज्ञान म्हटलं
की मामा म्हणतो, म्हणजे होम सायन्सच ना,
पापड-लोणची.
मी हो म्हणते. फोनला आता पैसे लागत नाहीत,
धीर लागतो.

सकाळी नळस्टॉपहून बस, दांडेकर पुलाशी उतरायचं,
आंबिल ओढ्याकडच्या बालवाडीत
मागच्या भिंतीला टेकून बसायचं
आणि वेदांग लोखंडे, वय तीन वर्षं आठ महिने,
दर तीस सेकंदांनी लिहून काढायचा.
पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, वेदांग उदास आहे.
पेठकर मॅडमनी पेन्सिलीनं ‘उदास’ खोडलं.
उदास तुला दिसलं का?
दिसलं ते लिही.
मग लिहिलं :
खालचा ओठ पुढे. उजव्या मुठीत बाटलीचं झाकण.
नजर दाराकडे. दारात कोणी नाही.
वाचून माझ्याच घशाशी आलं,
पण ते कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या सत्रात आपापल्या घराचा नकाशा काढायला दिला.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
लग्न म्हणजे आडवी रेघ,
मोडलं तर तिच्यावर दोन तिरक्या.
मेसच्या टेबलावर ताटं सरकवून
आम्ही माणसं मांडायला बसलो.
वृषालीला कागद पुरेना, तिला सात आत्या.
नाझनीननं आजोबांच्या भावाला फोन लावून
कोण कराचीत गेलं ते विचारलं.
माझं अर्ध्या तासात संपलं :
अप्पा, आई, मी, धाकटा.
इतकं नीट, की मलाच शंका आली.

चौथीत असताना कुणाच्यातरी लग्नात
एक बाई जेवता जेवता माझ्याकडे बघत राहिली होती.
आई म्हणाली, पाया पड.
कोण, ते म्हणाली नाही.

रात्री डहाणूकर कॉलनीतल्या गच्चीवर,
इतरांच्या ओल्या ओढण्यांमधून वाट काढत
आईला विचारलं, अप्पांचं आधी काही झालं होतं का?

सात सेकंद शांतता.
मागे कुकरची एक शिट्टी.
गॅस बंद केल्याचा आवाज.

‘मार्कं आहेत का त्याला?’
वीस, म्हटलं.
‘मग नीट काढ. शालन नाव तिचं. टेंभुर्णीला असते.
आपले पापड तिच्याकडूनच येतात,
तुला काय वाटलं, मी लाटते?
अप्पांना माहितीये. खातात गुमान.
माझ्या आधी काढ तिला, डावीकडे.
आणि त्या दोन रेघा
फार दाबून काढू नकोस.’

मग म्हणाली, भात गार होतोय,
आणि ठेवला.

मी वाटीच्या बुडाभोवती पेन्सिल फिरवली.
जरा मोठंच आलं वर्तुळ, आईच्यापेक्षा मोठं,
खोडावंसं वाटलं नाही.
आत वय लिहायचं असतं.
ते विचारायला परत फोन करावा लागेल.
आईला, की टेंभुर्णीला,
हे अजून ठरत नाही.
मंगळवारी द्यायचंय.