बंब

परभणीत पारा सहावर आला तेव्हा
हे म्हणाले, गिझर घेऊ.
मी म्हटलं, बोअरचं पाणी बघा आधी,
पातेल्याच्या बुडाला कसा पांढरा थर धरलाय.
महिन्यात कॉइल जाईल.

जिंतूरला गफूरमियाँ कलईवाल्यांकडं
दोनच बंब उरले होते.
एक नवा, पत्र्याचा, वाजवला की पोकळ.
दुसरा तांब्याचा, कानाशी चेपलेला,
पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. सुभद्रा हिस. पुढचं पुसट.

गफूरमियाँनी पेरानं टिचकी मारली, ऐकलं.
म्हणाले, बाई, हा लाइट मागत नाही.
पळाट्या मागतो, अन् जरा सबूर.
हे किमतीला भिडले.
मी विचारलं, ही सुभद्रा कुठली?
मोडीत आलेल्याला पत्ता नसतो, म्हणाले,
अन् वजनाचा काटा पुसू लागले.

आता पहाटे पाचला
मी नळीत पळाट्या सारते, राख पाडते.
हे टॉवेल गुंडाळून दारात उभे,
तोंडात अजून गिझरच.

बादली भरेपर्यंत मी बोलत नाही.
परवा तोटी फिरवताना
मनगट पोटाला टेकलं.
चटका बसला तो
बरोबर 'सु'वर.