गुरुवारची व्हॅन

विचारलंस ते बरं केलंस, मन्सी.
पण पंप चालू असताना विचारलंस,
उत्तर अर्धंच ऐकू यावं अशी सोय करून.
मीही तसंच केलं असतं.

आधी एक फॉर्म येतो. जन्मतारीख, गोळ्या चालू आहेत का,
आणि एक रकाना: काही झालं तर कुणाला कळवायचं.
इतकी वर्षं तिथं भावाचा नंबर लिहीत आलो.
त्या रकान्यापाशी दोन रात्री अडलो.
शेवटी बंदराच्या ऑफिसचा टाकला.

घराच्या भिंती पातळ, आईचे कान अजून शाबूत,
म्हणून व्हॅनमध्ये बसतो, कर्कवॉलच्या जुन्या धक्क्यावर,
फोन स्टिअरिंगला रबराने बांधून.
आमच्याकडे साडेतीनलाच अंधारतं; पावणेसातला
काचेत फक्त माझं तोंड
आणि त्यामागे कुठेतरी समुद्र.

बाई अबर्डीनला असतात. रोना मॅकास्किल.
मागे पुस्तकं वगैरे नाहीत,
एक रेडिएटर, त्यावर वाळत घातलेला मोजा.
एकच.
पहिला प्रश्न: एकटे आहात ना? आत्ता नेमके कुठे आहात?
मला वाटलं, गप्पा.
नंतर कळलं, मला मध्येच काही झालं
तर माणूस कुठे पाठवायचा हे त्यांना ठाऊक लागतं.
धक्क्याचं नाव स्पेलिंगसकट दिलं.
मग म्हणाल्या, इथलं इथेच राहील;
आणि जिवावर बेतलं तर राहणार नाही, तेही म्हणाल्या.
आधीच सांगून टाकणारं माणूस मला चालतं.

मी सल्ला घ्यायला गेलो होतो. पन्नास मिनिटं, पन्नास पौंड.
सल्ला नाही मिळत, मन्सी.
पहिल्या गुरुवारी मी
अकरा पौंडांची शांतता विकत घेतली.

दुसऱ्या वेळी नेट गेलं.
त्यांचं तोंड उघडंच राहिलं, चौकोनाचौकोनांत.
मग त्यांनी साधा फोन केला,
आणि नुसता आवाज उरला तेव्हा मला बोलता आलं.
काय बोललो? बेअरिंग.
डाव्या शाफ्टचं, सँडे बेटाच्या फेरीत गेलं ते.
अर्धा तास बेअरिंगवर बोललो एका अशा बाईशी
ज्यांना ग्रीस कशाशी खातात ठाऊक नाही.
सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं:
तो आवाज तुम्हाला किती दिवस येत होता?

म्हटलं, तीन आठवडे.
म्हटलं, वहीत नोंद आहे, रोजची.
आणि तिथंच थांबलो.
एर्लेंडचा फोनही तीन आठवडे आला नव्हता.
ते कुठल्याच वहीत नव्हतं.

रडलो, हो. बघण्यासारखं नाही, नाकातून.
कोपर लागून वायपर सुरू झाले,
कोरड्या काचेवर करकरत राहिले.
त्यांनी बंद करा म्हटलं नाही.

वेळ संपली की संपते.
दहा मिनिटं आधी सांगतात,
उघडलेलं इंजिन तसंच टाकून कुणी घरी जात नाही ना.
सगळे नट बसत नाहीत परत.
उरलेले खिशात घालतो, आईसाठी दूध घेतो, जातो.

बरं वाटतं का?
शुक्रवारी बहुधा वाईटच वाटतं.
रविवारी झोप लागते.

सातव्या गुरुवारनंतर मी तो रकाना बदलला.
तुझा नंबर टाकलाय.
विचारायला हवं होतं. आत्ता विचारतोय.

आणि हो, तू खाली काम करताना गुणगुणायचास,
एकच ओळ, तीही चुकीची.
डोकं उठायचं माझं.
चार तारखेपासून ती ऐकू आलेली नाही.
मी वहीत लिहून ठेवलंय.

ही घे किल्ली. मंगळवारी व्हॅन मोकळी असते.
हीटर लगेच लागत नाही, खालून एक लाथ घाल.
रबर स्टिअरिंगलाच आहे.