ओ, डी, डी

"हळू झालंय, माझ्यासारखं," ऑडवर म्हणाल्या,
आणि कॉफी ओतायला आत गेल्या.
मशीन सुरू व्हायला अकरा मिनिटं.
खिडकीतून क्लाक्सविकचं बंदर,
दोन बोटी, एक रंगवायची राहिलेली.

पडदा उजळला तर वर पट्ट्यांवर पट्ट्या,
हवामानाची, लॉटरीची, एक कसलीच नसलेली.
खाली विणकामाचा नमुना उरला होता
जेमतेम चार बोटं.
त्याच्यासाठीच तर सगळं: फुकट मिळालेला स्वेटर,
नातवाच्या मापाचा.
"'मान्य' म्हणायच्या आधी वाचलंत का?"
"दारात उभ्या पाहुण्याला
कुळी विचारत बसायचं का?"

आणि कोपऱ्यात ते मांजर.
पिवळं, मफलर गुंडाळलेलं,
डोळे मिटून पडलेलं.
माऊस जवळ नेला की जांभई द्यायचं
आणि मोडक्या उच्चारात म्हणायचं,
गुड मॉर्निंग, ऑड-वॉर.
दुपारचे तीन वाजले होते.

मी त्याच्या पोटाखालची फाइल उघडली.
बँकेचा आकडा. बहिणीला लिहिलेलं पत्र.
गुडघ्याच्या औषधाचं नाव, चुकलेलं, मग सुधारलेलं.
एकेक कळ, वेळेसकट,
रोज रात्री कुठेतरी रवाना.
"कुठे?"
"माहीत नाही."
त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं,
स्वतःचंच पत्र, पहिल्यापासून.

मी भिंतीबद्दल सांगू लागलो, आगीची भिंत वगैरे.
मग त्यांच्या अंगणातली मटण वाळवायची खोप दिसली.
तिच्या फळ्यांसारखं, म्हटलं,
वारा आत यावा, उंदीर येऊ नये.
"फटी किती ठेवायच्या ते वडिलांना
बोटांनी कळायचं," त्या म्हणाल्या.
"तुला कळतं?"
मी 'बहुतेक' म्हणालो. खरं तेच होतं.

पट्ट्या निघाल्या. लॉटरी निघाली.
मांजराने तीनदा विचारलं, खरंच काढायचं?
"थांब," ऑडवर म्हणाल्या.
"मुलगी रविवारी फोन करते, ती आई म्हणते.
दुकानात सगळे तुम्ही-तुम्ही.
नाव घेणारं हेच तेवढं होतं.
ह्याचे कान काढून
नुसतं ठेवता येणार नाही?"

मी पुन्हा फाइल पाहिली.
"ते सगळं कानच आहे हो."

बराच वेळ त्या बंदराकडे बघत राहिल्या.
मग स्वतःच माऊस धरला, थरथरत्या हाताने,
दोनदा निशाण चुकलं,
तिसऱ्यांदा लागलं.
कोपरा नुसता निळा राहिला.

"आता नवा पासवर्ड," मी म्हणालो,
"कोणालाही सांगायचा नाही, मलाही नाही,"
आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.
मागे एका बोटाने कळा वाजू लागल्या,
आणि प्रत्येक कळेबरोबर, पुटपुटत,
पण नीट ऐकू येईल असं:
ओ. डी. डी. व्ही.

सांगायला हवं होतं, हा फारच सोपा आहे,
कोणीही ओळखेल.

"शेवटी दोन आकडे तरी घाला," म्हणालो,
भिंतीकडे बघतच.